उद्योगधंद्याची जागा : निवडीची तत्त्वे व इतिहास

कारखाना, पेढी, वखार किंवा दुकान कोठे उभारावे, हा उद्योगाच्या प्रारंभीचा एक मूलभूत प्रश्न होय. भांडवल अपुरे पडल्यास कर्ज काढता येते, यंत्रे जुनी झाल्यास बदलता येतात. परंतु जागा एकदा निश्चित झाली, की तिच्यावर इमारती उभ्या राहतात, कामगार तिच्या आसपास बिऱ्हाडे करतात, गिऱ्हाइकांना ती सवयीची होते आणि ती बदलण्याचा खर्च वर्षागणिक वाढत जातो. या कारणाने उद्योगाच्या स्थाननिश्चितीचा अर्थशास्त्रात स्वतंत्रपणे विचार करण्यात येतो. योग्य जागेचे निकष सामान्यतः कच्चा माल, इंधन व शक्ती, पाणी, मजूर, बाजारपेठ, दळणवळण, हवामान आणि सरकारी धोरण असे सांगितले जातात. महाराष्ट्रातील व त्याच्याशी संबंधित उद्योगांचा इतिहास पाहता या यादीत आणखी दोन गोष्टींची भर घालावी लागते. एक म्हणजे जागेची योग्यता हा जमिनीचा कायमचा गुण नसून तो तत्कालीन परिस्थितीवर अवलंबून असतो. दुसरी म्हणजे जागेवरील हक्काचे स्वरूप आणि त्या जागेचे पुढे वाढणारे मूल्य यांचा उद्योगाच्या भवितव्यावर कच्च्या मालाइतकाच परिणाम होतो.

सैद्धांतिक विवेचन : भूमीचा उपयोग बाजारपेठेपासूनच्या अंतरावर कसा अवलंबून असतो, याचे पहिले पद्धतशीर विवेचन जर्मन जमीनदार व अर्थशास्त्रज्ञ योहान हाइन्रिख फोन थ्यूनेन याने १८२६ मध्ये शेतीच्या संदर्भात केले. कारखान्यांच्या बाबतीत असाच प्रयत्न आल्फ्रेड वेबर (१८६८–१९५८) या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये केला. वाहतूकखर्च, मजुरीखर्च आणि उद्योगांच्या एकत्रीकरणापासून होणारे लाभ हे तीन घटक त्याने निर्णायक मानले. प्रक्रियेत ज्याचे वजन बरेच घटते, असा कच्चा माल वापरणारे कारखाने मालाच्या उगमाजवळ जातात. ज्याचे वजन फारसे घटत नाही असा माल वापरणारे कारखाने बाजारपेठेजवळ किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी राहू शकतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. साखर हा पहिल्या प्रकारचा, तर कापड हा दुसऱ्या प्रकारचा उद्योग होय. कापसाचे सूत होताना वजनात फार मोठी घट होत नसल्याने कापडगिरणीला जागेच्या निवडीत बरेच स्वातंत्र्य असते. एकोणिसाव्या शतकात मुंबई व नागपूर अशा दोन अगदी भिन्न ठिकाणी गिरण्या यशस्वी होऊ शकल्या, त्याचे हे एक कारण आहे.

पेठा व कौल : यंत्रयुगापूर्वी व्यापाराची जागा बहुधा राज्यकर्त्यांच्या आश्रयाने ठरत असे. मराठेशाहीत नवी पेठ वसविताना व्यापारी व कारागीर यांना कौल देऊन बोलावण्यात येई. ठराविक वर्षांपर्यंत करांत माफी किंवा सवलत, घर व दुकान यांसाठी जागा आणि संरक्षणाचे अभिवचन असे कौलाचे सामान्य स्वरूप असे. पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. पेशव्यांच्या काळात पुण्यातील पेठांची वाढ होताना हीच पद्धत उपयोगात आली. एकाच प्रकारचे व्यापारी एकाच आळीत बसल्याने गिऱ्हाइकाला भाव पडताळून पाहता येत, व्यापाऱ्याला उधारीची माहिती मिळे आणि मालाची ने-आण स्वस्त पडे. वेबरने पुढे सांगितलेला एकत्रीकरणाचा लाभ तो हाच. नव्या ठिकाणी पहिल्याने जाणाऱ्याला हा लाभ मिळत नसतो. ती उणीव सवलतीने भरून काढणे हा कौलाचा हेतू होता. विसाव्या शतकातील औद्योगिक वसाहतींच्या सवलतींमागेही हेच तत्त्व दिसते.

मुंबई : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली व ताडदेव येथील तिच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबई बेटावर कापूस पिकत नव्हता, कोळसा नव्हता आणि कामगारही प्रामुख्याने बाहेरून आणावे लागणार होते. तथापि लँकाशरमधून येणारी यंत्रे आणि इंग्लंडचा कोळसा बंदरात उतरत होता. कापूस व अफू यांच्या व्यापारातून साठलेले भांडवल शहरातच होते. चीनकडे जाणाऱ्या सुताला जहाजे येथूनच मिळत. समुद्रकाठची दमट हवाही सूतकताईस अनुकूल होती, कारण कोरड्या हवेत धागा वारंवार तुटतो. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वेमार्ग सुरू झाला आणि बोरघाट व थळघाट ओलांडून रेल्वे १८६०–७० या दशकात देशावर गेल्यावर खानदेश व वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईत येऊ लागला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने यंत्रांच्या आयातीस लागणारा वेळ कमी झाला.

गिरण्यांसाठी त्या काळी शहराबाहेरची, सखल व स्वस्त जमीन निवडण्यात आली. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग हा भाग तेव्हा किल्ल्यातील व्यापारी वस्तीपासून दूर होता. रत्‍नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांच्या चाळी गिरण्यांच्या भोवती उठल्या. त्यातून गिरणगाव या नावाने ओळखली जाणारी वस्ती तयार झाली. कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असल्याने पाळीच्या कामाची सोय झाली. परंतु दाट वस्ती व अपुरी स्वच्छता यांचे दुष्परिणाम १८९६ च्या प्लेगच्या साथीत प्रकट झाले. साथीच्या भीतीने कामगार मोठ्या संख्येने गावी परतले आणि गिरण्यांना मजुरांची टंचाई भासली.

दूरवरून आणावा लागणारा कोळसा ही मुंबईची मुख्य अडचण होती. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून वीज निर्माण करण्याची योजना जमशेटजी टाटा यांनी पुरस्कृत केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली व १९१५ मध्ये खोपोली येथील केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. अशा रीतीने जागेतील एक उणीव तंत्रविद्येने दूर केली. परंतु जमिनीच्या किंमती, मजुरी व स्थानिक कर यांचा वाढता भार तिला कमी करता आला नाही. पहिल्या महायुद्धानंतर देशातील इतर केंद्रांशी स्पर्धा करताना तो भार मुंबईच्या गिरण्यांना उत्तरोत्तर जाणवू लागला.

नागपूर : जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी १८६९ मध्ये चिंचपोकळी येथील एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिचे कापडगिरणीत रूपांतर केले व सुमारे दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. त्यानंतर लँकाशरमधील उद्योगाचा अभ्यास करून परतल्यावर त्यांनी नव्या गिरणीसाठी मुंबईबाहेरच्या जागेचा शोध घेतला. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाचे सान्निध्य, रेल्वेची सोय आणि पाणी व इंधन यांचा पुरवठा या तीन कसोट्या त्यांनी लावल्या. जबलपूरजवळील नर्मदेच्या जलशक्तीचाही विचार झाला होता; परंतु अखेरीस नागपूरची निवड करण्यात आली. १८६७ मध्ये तेथे मुंबईहून रेल्वे पोहोचली होती. वऱ्हाड व वर्धा हा कापसाचा मुलूख जवळ होता. चांदा जिल्ह्यातील वरोडे येथे कोळसा सापडला होता आणि हातमागाचे जुने केंद्र असल्याने सुताला स्थानिक गिऱ्हाईकही होते.

प्रत्यक्ष जमीन जुम्मा तलावाजवळची व दलदलीची होती. तिच्यात भर घालावी लागल्याने पायाचा खर्च वाढला. तेथील एका सावकाराने, जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला पैसा देणे शहाणपणाचे नाही, असे म्हणून भांडवल पुरविण्यास नकार दिला आणि पुढे, टाटांनी जमिनीत माती घालून सोने काढले, अशी कबुली दिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेतील शब्द कसेही असले, तरी स्थानिक धनिकांना मुंबईपासून ८०० किमी.हून अधिक दूर असलेल्या या जागेचा भरवसा वाटत नव्हता, हे तिच्यावरून दिसते. कंपनीची नोंदणी १८७४ मध्ये १५ लाख रु. भांडवलावर झाली. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आल्याने तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. रेल्वेच्या मालवाहतूक विभागात अनुभव घेतलेले बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे तिचे व्यवस्थापन देण्यात आले. ज्या गिरणीचे यश मालाच्या ने-आणीवर अवलंबून होते, तिच्यासाठी ही निवड उचित ठरली.

जागेचे लाभ लगेच हाती आले नाहीत. गिरणीच्या शिस्तीची सवय नसलेले कामगार वारंवार गैरहजर राहत. त्यांना टिकविण्यासाठी बक्षिसे, निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी अशा योजना पुढे सुरू करण्यात आल्या. नागपूरच्या कोरड्या हवेवर उपाय म्हणून गिरणीत आर्द्रता राखणारी साधने बसवावी लागली. म्हणजे मुंबईत जे हवामान फुकट मिळत होते, ते येथे यंत्राने निर्माण करावे लागले; त्याच्या मोबदल्यात कापसाचे भाडे वाचले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेमुळे पूर्वेकडील बाजारपेठाही पुढे गिरणीच्या आवाक्यात आल्या. ही रेल्वे जागा निवडताना अस्तित्वात नव्हती. अंदाजात न धरलेल्या अशा बदलाचा येथे उद्योगास फायदा झाला. इतरत्र अशा बदलांनी नुकसानही झालेले आहे.

साकची : लोखंड व पोलाद यांच्या कारखान्यासाठी टाटांनी प्रथम चांदा जिल्ह्याचाच विचार केला होता. लोहारा येथील लोहधातुक उत्तम प्रतीचे होते. परंतु वरोड्याच्या कोळशाची जर्मनीत परीक्षा केली असता तो या कामास उपयुक्त नसल्याचे आढळले. गिरणीचा बाष्पक तापविण्यास चालणारा कोळसा झोतभट्टीला चालला नाही. एकाच प्रदेशातील एकच साधन एका उद्योगास पुरेसे व दुसऱ्यास निरुपयोगी ठरते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे सी. एम. वेल्ड या अमेरिकन तज्ञाने याच जिल्ह्यात पुन्हा पाहणी केली, तीही निष्फळ ठरली. काम सोडून देण्याच्या विचारात असताना दोराबजी टाटा यांना नागपूरच्या संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहसाठ्यांची खूण दिसली व धल्ली-राजहरा टेकड्यांची पाहणी झाली. तेथे धातुक विपुल होते. पण योग्य कोळसा व पाणी सोयीच्या अंतरावर नव्हते.

१९०४ च्या फेब्रुवारीत भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील गुरुमहिसानी येथील साठ्यांविषयी जमशेटजींना पत्र लिहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जमशेटजींचे निधन झाले; तथापि शोध चालू राहिला. कंपनीची नोंदणी १९०७ च्या ऑगस्टमध्ये झाली. आधी सिनी या रेल्वे स्थानकाजवळची जागा विचारात होती. परंतु अखेरीस सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळील साकची हे खेडे पसंत करण्यात आले. गुरुमहिसानीचे धातुक, झरियाचा कोळसा, कलकत्त्याचे बंदर आणि बारमाही पाणी या चारही गोष्टींचा मेळ तेथे बसत होता व बंगाल नागपूर रेल्वेचे कालिमाटी स्थानक जवळ होते. रेल्वेभाड्यातील सवलत आणि रुळांच्या खरेदीविषयी सरकारचे आश्वासन यांमुळे योजनेस बळकटी आली. १९१२ च्या फेब्रुवारीत तेथे पोलाद तयार झाले व १९१९ मध्ये या गावास जमशेदपूर हे नाव देण्यात आले.

या निवडीसाठी झालेल्या शास्त्रीय पाहणीस भारतीय उद्योगात पूर्वोदाहरण नव्हते. तरीही तिने मिळविलेला वाहतुकीचा लाभ पुढे धोरणाने निष्प्रभ झाला. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारने भाडे-समानीकरणाचे धोरण अवलंबिले व पोलादासारखा माल देशभर सारख्या दराने मिळू लागला. त्यामुळे पोलाद वापरणाऱ्या अभियांत्रिकी उद्योगांना खाणींच्या प्रदेशात जाण्याचे कारण उरले नाही. मुंबई, पुणे यांसारख्या दूरच्या केंद्रांना त्याचा फायदा झाला आणि बिहार, ओरिसा व पश्चिम बंगाल यांची हानी झाली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण मागे घेण्यात आले. तोपर्यंत कारखाने जेथे उभे राहावयाचे तेथे उभे राहिले होते.

किर्लोस्करवाडी : लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा उद्योग बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून वाढत जाऊन कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीपर्यंत आला होता. तो स्थिरावत असतानाच शहराच्या विस्ताराच्या योजनेमुळे त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. स्वतःची व निर्वेध जागा असल्याखेरीज कारखाना टिकत नाही, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी त्यांना संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. १९१० च्या मार्चमध्ये तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला.

रूढ निकषांवर पाहता ही जागा गैरसोयीची होती. माळ निवडुंगाने भरलेला होता. पाणी, घरे, बाजार यांपैकी काहीही नव्हते. लोखंड व कोळसा दूरवरून आणावा लागे. अनुकूल गोष्टी तीनच होत्या : जमिनीचा निश्चित हक्क, पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे आणि नांगराचे गिऱ्हाईक असलेला कृष्णाकाठचा शेतकरी. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असा समज असलेल्या शेतकऱ्याला तो पटवून द्यावयाचा, तर शेताच्या जवळ असणे उपयुक्त होते. उरलेल्या उणिवा कारखान्यानेच भरून काढल्या. घरे, पाणीपुरवठा, दुकान, शाळा यांची व्यवस्था करावी लागल्याने कारखान्याबरोबर गाव वसले. शंभोअण्णा जांभेकर, रामूअण्णा किर्लोस्कर इ. सहकाऱ्यांनी कारखाना व वसाहत यांच्या निरनिराळ्या शाखा सांभाळल्या. दूरच्या गिऱ्हाइकांशी संबंध राखण्याच्या गरजेतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. त्यातून पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक निर्माण झाले. कराडजवळील ओगलेवाडी येथेही १९१६ मध्ये सुरू झालेल्या काचकारखान्याभोवती अशीच वसाहत उभी राहिली.

आडगावी उभारलेल्या कारखान्यात कामगार व चालक यांचे जीवन एकाच आवारात चालते. त्यातून जिव्हाळा व शिस्त निर्माण होते. तथापि नोकरी गेल्यास घरही जाते आणि दुसरे काम शोधावयास जवळ दुसरा कारखाना नसतो. मुंबईच्या कामगाराला एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जाता येई. ती मोकळीक येथे नव्हती. उद्योग वाढल्यावर चालकांनाही या मर्यादा जाणवल्या. यंत्रहत्यारांसाठी १९४१ मध्ये हरिहर व तेल-एंजिने आणि विद्युत् यंत्रे यांसाठी १९४६ मध्ये अनुक्रमे पुणे व बंगलोर येथे नव्या कंपन्या काढण्यात आल्या. मूळच्या वाडीत पंपांची निर्मिती चालू राहिली.

साखर कारखाने : उसाच्या बाबतीत निवडीस फारसा वाव नसतो. सुमारे दहा टन उसापासून एक टन साखर मिळते आणि तोडलेल्या उसातील साखरेचा अंश तासागणिक घटतो. त्यामुळे कारखाना उसाजवळ आणि ऊस पाण्याजवळ असावा लागतो. दख्खनमध्ये पाणी कालव्यांनी आणले. नीरा, प्रवरा, गोदावरी या कालव्यांच्या क्षेत्रात ऊस वाढला व १९३२ मध्ये साखर उद्योगास संरक्षण मिळाल्यावर तेथे कारखाने निघाले. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे नीरा डाव्या कालव्याच्या क्षेत्रात उभारलेल्या कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणी येथे उभारलेल्या सहकारी कारखान्यात ऊस पिकविणारेच मालक झाले. ज्यांची शेते कारखान्याभोवती आहेत, त्यांचाच तो असल्याने जागा बदलण्याचा प्रश्न तेथे व्यवहारात उद्भवत नाही. मात्र एकाच क्षेत्रातील उसासाठी दोन कारखान्यांत चढाओढ होऊ शकते. केंद्र सरकारने २००६ मध्ये दोन कारखान्यांत किमान १५ किमी. हवाई अंतराची अट घातली. महाराष्ट्रात ती मर्यादा पुढे २५ किमी. करण्यात आली.

औद्योगिक वसाहती : महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ च्या अधिनियमान्वये १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जमीन संपादन करून तिचे भूखंड पाडणे, रस्ते, पाणी व वीज यांची सोय करणे आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देणे हे त्याचे मुख्य कार्य होय. ठाणे जिल्ह्यातील बारवी धरणासारखा पाणीपुरवठाही महामंडळाने स्वतः उभारला. १९६४ पासून मागास भागांत जाणाऱ्या उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना लागू करण्यात आली. तिच्यातील करविषयक सवलतींचे जुन्या कौलाशी साम्य आहे. किर्लोस्करांना जे काम स्वतः करावे लागले ते या पद्धतीत सार्वजनिक संस्था करते. त्यामुळे अल्प भांडवलाच्या उद्योजकास निर्वेध जागा मिळू लागली. तथापि मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्याचे आकर्षण कायम राहिले, कारण तेथील बाजारपेठ, कुशल कामगार व पूरक उद्योग यांची बरोबरी सवलतींनी होत नव्हती.

दुकाने व भाडेहक्क : छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने जागेचा प्रश्न प्रामुख्याने भाड्याचा असतो. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याच्या आधारे प्रमाण भाडे निश्चित केले व भाडेकरूस संरक्षण दिले. मोक्याच्या रस्त्यावर नाममात्र भाड्याने बसलेल्या दुकानदाराला त्यामुळे मोठा आधार मिळाला. परंतु घरमालकांना दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही आणि नव्याने येणाऱ्यास भाड्याव्यतिरिक्त पागडीची मोठी रक्कम द्यावी लागू लागली. परिणामी दुकानाच्या धंद्यापेक्षा त्याच्या गाळ्याची किंमत अधिक, अशी स्थिती अनेक जुन्या बाजारपेठांत निर्माण झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने पागडीच्या व्यवहारास मान्यता दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम व मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांना भाड्याच्या संरक्षणातून वगळले.

जमिनीचे मूल्य व उद्योगाचा शेवट : गाळ्यांच्या बाबतीत जे घडले ते मोठ्या प्रमाणावर गिरणगावात घडले. शहराबाहेरची म्हणून निवडलेली जमीन शहराच्या वाढीमुळे त्याच्या मध्यभागी आली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा व भांडवलाची उपेक्षा यांमुळे गिरण्या आधीच दुर्बल झाल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यांतील पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्यास अनुमती देताना त्यांचे मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालकाचा वाटा असे साधारणपणे तीन समान भाग कल्पिले होते. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित झाली व सार्वजनिक हिस्सा पुष्कळ घटला. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ग्राह्य ठरविली. सुमारे ६०० एकर जमिनीच्या या प्रदेशात कार्यालये, निवासी मनोरे व विक्रीसंकुले उभी राहिली. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आखण्यात आली. परंतु अर्जदारांच्या मानाने उपलब्ध घरे फार थोडी ठरली.

नागपूरची एम्प्रेस गिरणी १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ मध्ये बंद पडली. भराव घालून पक्क्या केलेल्या तिच्या जमिनीच्या काही भागावर आता व्यापारी संकुल आहे. मुंबई व नागपूर या दोन्ही ठिकाणी जागेची निवड व्यापारी दृष्टीने अचूक होती व तिचे लाभ शतकाहून अधिक काळ मिळाले. जागा उद्योगापेक्षा मौल्यवान झाल्यावर मालक ती विकून दुसऱ्या व्यवसायात जाऊ शकतो. ज्या कामगाराने त्या जागेच्या भरवशावर गाव सोडले, त्याच्यापाशी विकण्यासारखे काही नसते. औद्योगिक जमिनीच्या पट्ट्यांत वापरबदलाविषयी अटी घालणे आणि संपादनाच्या वेळी मूळ धारकांचे पुनर्वसन बंधनकारक करणे हे या अनुभवावरील कायदेशीर उपाय होत. भूमिसंपादनासंबंधीच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मूळ जमीनधारकांच्या व त्या जमिनीवर उपजीविका असलेल्यांच्या बाबतीत पुनर्वसनाचा हक्क मान्य केला आहे. उद्योगच बंद पडून जमिनीचा वापर बदलतो, तेव्हा तेथील कामगाराचा त्या जमिनीच्या वाढलेल्या मूल्यात किती वाटा असावा, याविषयी मात्र असा सर्वसाधारण नियम झालेला नाही.